द्राक्षीचं खरं नाव

सोमवारी संध्याकाळी आपण दोघांनी दगडांचा कापूस बदलला. आपलं शेवटचं काम तेच. तू पलंगावर उशीला टेकून, मी खाली चटईवर, आणि मधे स्टुलावर तुझा पत्र्याचा डबा. आत एकतीस दगड. प्रत्येकाखाली कापूस, प्रत्येकावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. आंब्याचे दिवस संपायच्या आत तू दरवर्षी तो कापूस बदलायचीस, दमट झाला की दगडांना डाग पडतात म्हणून. यंदा तुझ्या हातात जोर नव्हता. मी कापूस फाडत होतो आणि तू हुकूम सोडत होतीस.

"हळू जरा. कोंबडी सोलताय काय?"

"गप बस गो. दगड आहेत."

"दगड आसत म्हणानच सांगतंय."

तू एकेक दगड उचलून दाखवायचीस आणि मी त्याचं नाव घ्यायचं, ही तुझी रीत. नाव आल्याशिवाय दगड डब्यात परत जायचा नाही. मी आमच्या खाणीतली नावं घ्यायचो. कापशी, सुया, काचरी, मोरपंखी. मग तू तोंडाचा चंबू करून त्यांचं साहेबी नाव घ्यायचीस, आणि मी परत म्हणायची वाट बघायचीस. मी काही म्हणायचो नाही. थोड्या वेळाने तूच दगड खाली ठेवायचीस. अशी तीस नावं झाली.

शेवटी द्राक्षी राहिली. काळ्या फत्तराच्या तुकड्याला चिकटलेले हिरवट गोल दाणे, द्राक्षाच्या घोसासारखे. ती मी तुला आणून दिलेली, बाकीचे सगळे तुझ्या कामावरचे.

"हिचं नाव?"

"द्राक्षी."

"ता तुमचा. तिचा सांगा."

"माझ्या हातोड्याने निघाली ती. तिचं-माझं वेगळं कुठलं?"

"प्रे-नाइट. इतकंच तर आहे. मधला ह गिळायचा."

"गिळायचाच होता तर लिहिला कशाला?"

तू हसलीस, मग खोकलीस. मग म्हणालीस, "एकदा म्हणा ना हो. एकदाच."

मी म्हटलं, "उद्या म्हणतो."

"तुमचो उद्या माका म्हायत आसा," म्हणालीस आणि डब्याचं झाकण लावलंस. मग आपण पेज प्यायलो. मंगळवारी सकाळी तुझा श्वास लागला, हॉस्पिटलात नेलं, आणि दुपारी तू गेलीस.

सुनंदा, तेव्हापासून मला किळस येते. लोक म्हणतात, म्हातारा दुःखात आहे, बोलत नाही. दुःख आहेच, पण ते खाली कुठे तरी दबलंय. वर किळस आहे. खाणीतून घरी आल्यावर कितीही चुळा भरल्या तरी पहिल्या घासाला दातांत कचकच व्हायची, तशी. वॉर्डातल्या फिनेलच्या वासाची किळस. मोबाईलवर आलेल्या हात जोडलेल्या चित्रांची किळस. आपल्या दारात उभं राहून तळहातावरची तंबाखू मळत "सुटली बिचारी" म्हणणाऱ्यांची तर फारच. तू काय बांधलेली होतीस, सुटायला? शेवटच्या संध्याकाळीसुद्धा मला झापत होतीस.

विजयने तुझा फोटो मोठा करून आणला. आपलाच मुलगा, त्याला काय बोलणार. पण फोटोवाल्याने तुझा गाल घासून गोरा केलाय आणि डाव्या गालावरचा चट्टा पुसून टाकलाय. तो ऍसिडचा चट्टा. कामावरच्या गाळ्यात दगड धुताना उडालेला. मी विजयला म्हटलं, "ही कोण बाई?" तो म्हणाला, "बाबा, चांगला दिसतो फोटो." सून म्हणाली, "आईंना आवडला असता." दोन वर्षांपूर्वी शेजारच्या लग्नात जी पोरगी तुला पावडर लावून द्यायला आली होती, तिला तू काय बोललीस, ते हिने ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं. इथे लिहीत नाही.

आणि तो जीवखडा.

स्मशानात मडकं फोडायला दगड घेतात. मग तोच जपून ठेवायचा, दहा दिवस त्यालाच गेलेलं माणूस समजायचं, त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं, आणि दहाव्याला पाण्यात सोडायचा. माझ्या बापाचा गावच्या व्हाळाच्या पाण्यातला होता, गुळगुळीत, हातात धरला तर बरं वाटावं असा. इथे गुरुजींनी इकडेतिकडे बघितलं, नळाजवळ पडलेलं काहीतरी चपलेने पुढे ढकललं आणि विजयला म्हणाले, "हा घ्या." चार हातांवरून मला कळलं. फूटपाथच्या ब्लॉकचा तुटका कोपरा. एका बाजूला लाल रंगसुद्धा होता.

"हा दगड नाही," मी म्हटलं.

"आजोबा, भाव महत्त्वाचा," गुरुजी म्हणाले.

"भाव असू दे. हे सिमेंट आहे."

"बाबा, आता नको ना," विजय म्हणाला.

आणि मी गप्प बसलो. सगळ्यात जास्त किळस मला त्या गप्प बसण्याची येते. कांदिवलीच्या खाणीत अर्धं आयुष्य फत्तर फोडलेला माणूस मी. तू बावीस वर्षं दगडांची घाण टूथब्रशने आणि टाचणीने काढलीस. आणि तुझा जीव ठेवला ब्लॉकच्या तुकड्यात, फडक्यात बांधून, जिन्याखाली पाण्याच्या मीटरशेजारी. येता-जाता मला तो दिसायचा. तुला दाखवला असता तर तू नखाने खरवडून म्हणाली असतीस, "ह्या काय उचलून आणलास, विजय?"

द्राक्षी मी तुला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दिली. सुरुंग उडाल्यावर फत्तराच्या पोटात कधी कधी पोकळी निघायची, आणि आत असं काहीतरी बसलेलं असायचं. मुकादमाला त्याचं काही नव्हतं, सगळं खडीच्या मशीनमध्ये जायचं. मी हा एक तुकडा छिन्नीने सोडवून डब्याच्या फडक्यात बांधून आणला. तू बघितलंस आणि म्हणालीस, "बांगडी नाय, साडी नाय, आणि दगड?" मग धुतलास, उन्हात धरलास, आणि शेजारणीने हात पुढे केला तर म्हणालीस, "लांबून बघ."

मग खाण बंद पडली, तिथे टॉवर आले, आणि मी घरी बसलो. तू चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात लागलीस. गोणीतून दगड यायचे, नाशिककडचे, जळगावकडचे. तुम्ही बायका ते धुवायचात, घासायचात, कापसात बसवायचात, आणि ते परदेशात जायचे. पहिल्याच आठवड्यात तू धावत घरी आलीस. चपलासुद्धा काढल्या नाहीस.

"तुमच्या द्राक्षीक नाव आसा. इंग्रजी. ट्रेमधे होती, चिठ्ठी लावलेली."

तुला केवढा आनंद झाला होता. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "कुठल्या साहेबाचं नाव?" तू दुसऱ्या दिवशी विचारून आलीस. खरंच कुणा साहेबाचं होतं. कुठला कोण कर्नल, त्याने आपली खाण बघितली नाही, ऊन बघितलं नाही, सुरुंगानंतर कानांत शिट्ट्या वाजतात त्या ऐकल्या नाहीत, आणि आमच्या डोंगरातल्या दगडाला त्याचं नाव. मला तेव्हासुद्धा किळस आली होती. तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि संपलंच नाही.

तू नावं शिकलीस ती त्या गोऱ्या बाईपायी. दर थंडीत ती माल बघायला यायची. तुमच्या गाळ्याचा शेठ कॅबझाइटला 'चाबाझाइट' म्हणायचा आणि ती बाई ओठ दाबून हसायची. तुला ते लागलं. शेठला लागलं नाही, तुला लागलं. तू तिच्यामागे वही घेऊन फिरलीस. तिने एकेक नाव तीन-तीनदा म्हणून दाखवलं आणि तू ते आपल्या अक्षरात तोडून लिहिलंस. कॅबझाइट, लिहिताना च, म्हणताना क. अ-पॉ-फि-लाइट, पॉ वर जोर. जायरोलाइट, गायरो नाही. स्कॉलेसाइट, मधे स येतो, क नाही. सातवी पास बाई, पण वही अशी की मास्तरने बघावी.

मग मोबाईल आला आणि त्याच्यातला एक गोरा माणूस घरात राहायला आला. नाव टाकलं की म्हणून दाखवायचा. तू भाकरी थापत थापत त्याच्यामागून म्हणायचीस. एक दिवस एकाच दगडाचं नाव एका बाईने 'ह्यूलंडाइट' म्हटलं आणि दुसऱ्या बाप्याने 'हॉइलंडाइट'. मी चहा पीत होतो. मला एवढा आनंद झाला.

"बघ, त्यांचं त्यांचंच ठरत नाही."

"दोन्ही बरोबर आसत. इंग्रज असा म्हणता, जर्मन तसा म्हणता."

"मग माझं का नाही बरोबर?"

"तुमी हुलांडी म्हणतास."

"खाणीत तेच म्हणायचे."

"खाणीत मुकादम तुमका काय म्हणायचो?"

तू बरोबर तिथे बोट ठेवलंस. तो मला 'ए कोकण्या' म्हणायचा. सगळ्यांनाच म्हणायचा. एकदा मी हातोडा टाकून तडक घरी आलो होतो, आणि तीन दिवस गेलो नव्हतो. ते तुला माहीत होतं. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "तुमका राग इलो. मग त्या दगडान काय पाप केल्यान?"

"दगडाला कान नसतात."

"माका आसत."

मला वाटलं, तू चिडवतेस. चिडवत नव्हतीस.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. एकदा मी तुझा जेवणाचा डबा द्यायला गाळ्यात आलो होतो आणि शेठने खोके उचलायला हात लावा म्हटलं. मी विचारलं, "ही प्रिनायटची पेटी कुठे ठेवू?" शिकून आलो होतो गं. तुझ्या तोंडून ऐकून ऐकून रस्ताभर पाठ करत आलो होतो, आणि नेमकं तोंडातून वाकडं निघालं. सगळ्या बायका हसल्या. त्यातली रेखा तर खाली बसली हसून. शेठ म्हणाला, "काका, तुम्ही वजन उचला, नावं ताईंना घेऊ द्या." आणि तूही हसलीस. तोंडाला पदर लावलास, पण खांदे हलत होते.

झालं, इतकंच. तुझ्या ते ध्यानातही राहिलं नसेल. संध्याकाळी घरी येऊन तू मला बांगड्याचं तिखलं केलंस. पण मी ते हसू जपलं. तू दगड जपायचीस तसं, कापसात, दरवर्षी कापूस बदलून.

आणि दुसरं, हे त्याहून वाईट. मला ती नावं येतात, सुनंदा. सगळी. तू बाजारात गेलीस की मी तुझा मोबाईल घ्यायचो. तो गोरा माणूस म्हणायचा, मी म्हणायचो. त्या हसण्याच्या आठवड्यातच मला प्रेनाइट आलं, स्वच्छ. महिन्याभरात सगळी एकतीस आली. लोमॉन्टाइटसुद्धा, उघड्यावर ठेवला की सुकून भुगा होतो तो दगड. तुला जिन्यात ऐकलं की मी मोबाईल होता तिथे ठेवायचो. मग तू डबा उघडून विचारायचीस, आणि मी बसायचो द्राक्षी, कापशी करत. तुला वाटायचं माझी जीभ वळत नाही. मी वळू देत नव्हतो. आजारी बाई, श्वास पुरत नाही, एक शब्द मागते, आणि तो शब्द माझ्या तोंडात तयार, आणि मी म्हणतो, उद्या. विचार केला की अन्नाचा घास फिरतो तोंडात.

नवव्या दिवशी विजय आणि सून बाहेर गेले होते. त्यांनी आदल्या दिवशी माझ्यासमोरच ठरवलं होतं की मी आता कांजूरमार्गला त्यांच्याकडे राहायचं. तिथे वारा फिरला की खिडकीतून कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, तो विषय वेगळा. सून म्हणाली, "तो दगडांचा डबा घरात ठेवू नये म्हणतात, खाली विटामातीच्या रॅबिटमध्ये टाकून देऊ." मी डबा मांडीवर घेऊन बसलो. मग द्राक्षी काढली. खाली जिन्याखाली गेलो, फडकं सोडलं, सिमेंटचा तुकडा बाहेर काढला आणि द्राक्षी आत बांधली. गाठ तशीच मारली. तो तुकडा गटाराच्या कडेला घेऊन गेलो. तिथे तसाच एक ब्लॉक उखडलेला आहे. त्या खाचेत बसवला. चपखल बसला.

मी एवढा खूश झालो की पुढचं डोक्यातच आलं नाही. दहाव्याला जीवखडा पाण्यात सोडायचा असतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि मी तुझा सगळ्यात आवडता दगड त्या फडक्यात बांधून आलो होतो.

खाडीकाठच्या त्या घाटाबद्दल काय सांगू. पाणी काळं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, झेंडू, दुसऱ्यांच्या घरचा भात. गुरुजींनी फडकं सोडलं, द्राक्षी बाहेर आली. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तिळाचं पाणी तिच्यावर ओतत राहिले. हिरवे दाणे ओले झाले आणि काय चमकले, तुला सांगतो. विजयने बघितलं. माझ्याकडे बघितलं. तो लहानपणी तिच्यावर जीभ लावून बघायचा, आंबट आहे का म्हणून, आणि तू त्याला फटका द्यायचीस. डोळे पुसले त्याने. तेवढ्या एका गोष्टीची मला त्या दिवशी किळस आली नाही.

कावळा लगेच शिवला. पान ठेवून मागे वळतो न वळतो तोच. मंडळींना बरं वाटलं. "समाधानाने गेली," म्हणाले. मला नाही बरं वाटलं. थोडं अडून बसायचं होतंस. एका नावासाठी दगड डब्यात जाऊ द्यायची नाहीस, आणि इथे हट्ट नाही, काही नाही.

विजय द्राक्षी घेऊन पायऱ्या उतरायला लागला तेव्हा मी म्हटलं, "मी सोडतो." गुरुजी म्हणाले, "आजोबा, मुलाने..." मी म्हटलं, "भाव महत्त्वाचा." विजयने माझा दंड धरला. गुडघाभर त्या घाणीत उतरलो. द्राक्षी हातात. गुरुजी वरून म्हणाले, "नाव घ्या आणि सोडा."

तुझं नाव घेतलं. द्राक्षीचं घ्यायला तोंड उघडलं होतं. काठावर पंधरा माणसं उभी होती, आणि मला परत ती गाळ्यातली हसणारी तोंडं दिसली. तोंड मिटलं. हात उघडला. द्राक्षी गेली. अडीच वीत पाणी असेल, पण दिसेनाशी व्हायला वेळ लागला नाही. बाहेर आलो, नळाखाली पाय धुतले, परत धुतले. वास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, चहा केला, आणि तुझी वही पिशवीत घातली. विजय म्हणाला, "बाबा, तेरावं व्हायच्या आत कुठे निघालात?"

"गाळ्यात."

"कशाला?"

"वही द्यायला."

"मी देईन ना."

"तुला काय येतं त्यातलं?" म्हटलं आणि निघालो.

गाळ्यात मशीनचा तोच आवाज, त्याच ओल्या गोण्या. तुझ्या जागेवर तुझं स्टूल होतं, रिकामं, त्यावर कुणीतरी पाण्याची बाटली ठेवली होती. रेखा खोक्यात माल भरत होती आणि दुसरीला चिठ्ठी सांगत होती, मोठ्याने, मशीनच्या वर आवाज काढून.

"प्रेहनाइट, चार नग."

खरंच सांगतो, तोंडात खडा आल्यासारखं झालं. किती कुरूप वाटतो गं तो शब्द, तसा म्हटला की.

"प्रेनाइट," मी म्हटलं. "मधला ह गिळायचा."

रेखाने मशीन बंद केलं. "काय म्हणालात काका?"

"प्रेनाइट."

मी थांबलो. म्हटलं, आता हसतील. शेठ काचेआडून बाहेर आला. रेखाने पदर वर घेतला, पण डोळ्यांना लावला. "ताई अगदी अस्संच म्हणायच्या," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी वही उघडली आणि उभ्याउभ्याच पहिल्या पानापासून म्हणत गेलो. अपॉफिलाइट. कॅबझाइट. ह्यूलंडाइट, आणि जर्मन माणूस आला तर हॉइलंडाइट. बायका माझ्यामागून म्हणत होत्या. सगळी एकतीस म्हटली. एकही चुकलं नाही. वही स्टुलावर ठेवली, बाटली खाली ठेवली, आणि चहा न घेता चालत घरी आलो.

आल्यावर चूळ भरली. कचकच आहे तशीच आहे. मग डबा उघडला. तीस दगड आणि एक खळगा. कापसात दाण्यांचे ठसे अजून आहेत, तू सोमवारी बसवलीस तसे. वर चिठ्ठी. ती तेवढी नीट लावली, झाकण घातलं, आणि डबा माझ्या कपड्यांच्या बॅगेत सगळ्यात खाली भरला. कांजूरमार्गला गेलो तर तो येणार. पुढच्या वर्षी आंबे संपायच्या आत कापूस मी बदलीन, खळग्यातला सोडून.